ड्रायव्हरची बाजू

इंजिनीअरिंग कॉलेजात मी पहिली दोन वर्षं ज्या इंजिनावर शिकलो, ते मधोमध कापलेलं होतं. आतलं दिसावं म्हणून कापलेलं, आणि दिसलेलं कळावं म्हणून लाल, पिवळ्या, हिरव्या रंगांनी रंगवलेलं. हँडल फिरवलं की पिस्टन शहाण्या मुलासारखे खालीवर व्हायचे. ते इंजिन कधी बिघडत नसे, कारण ते कधी चालतच नसे. प्रॅक्टिकलच्या तासाला आम्ही वीस जण त्याच्याभोवती उभे राहायचो, सर छडीनं एकेक भाग दाखवायचे आणि आम्ही त्याचं इंग्रजी नाव वहीत उतरवायचो. एकदा मी धीर करून विचारलं, "सर, हे चालू असतं तेव्हा आवाज कसा येतो?"

सरांनी छडी पुढच्या भागावर ठेवली. मग म्हणाले, "पेपरात आवाज विचारत नाहीत."

वर्ग हसला. मीही हसलो. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलेलं नव्हतं, त्यामुळं तिथं काय विचारायचं असतं आणि काय नसतं, हे सांगणारं कुणी नव्हतं. वडील आमच्या गावी, झरीत, दुसऱ्याच्या शेतात रोजानं जायचे. मुलगा इंजिनेर व्हायलाय म्हणजे त्याला जगातली सगळी इंजिनं येत असणार, अशी त्यांची समजूत. सुट्टीत गेलो की वस्तीतले लोक पाणी उपसायचं इंजिन, पिठाच्या गिरणीची मोटर, एकदा तर शिवणयंत्र माझ्यापुढं आणून ठेवायचे. मी त्याच्याकडं गंभीरपणे बघायचो आणि म्हणायचो, "ह्याचं पुस्तक पायजे." लोक मान डोलवायचे. शिकलेला माणूस असाच बोलत असणार.

असं पुस्तक मला शेवटी कॉलेजच्याच गावी, परभणीत मिळालं, आणि त्यानं माझी चांगलीच जिरवली.

वसतिगृहातून कॉलेजला जाताना जिंतूर रोडला पत्र्याचं एक गॅरेज लागायचं. बाहेर दोन ट्रॅक्टर, एक जीप, मोडलेल्या सायकली. आणि आत, ताडपत्रीखाली, एक अमेरिकन मोटार. दोन बैलगाड्या एकामागं एक उभ्या कराव्यात एवढी लांब. तिचं इंजिन काढून लाकडी घोडीवर ठेवलेलं होतं. आठ सिलिंडरचं. चार इकडं, चार तिकडं, दोन्ही बाजू वर उघडणाऱ्या, पंचांग धरावं तशा. आमच्या कॉलेजातल्या कापलेल्या इंजिनाला चारच सिलिंडर होते, तेही अर्धे.

गॅरेज एका म्हाताऱ्या मिस्त्रींचं. तरुणपणी ते हैदराबादला एका जागीरदाराच्या मोटारखान्यात कामाला होते आणि त्यानंतर जगात जे काही घडलं ते त्यांना फारसं पसंत नव्हतं. मी दारात घुटमळतोय हे त्यांनी आठ दिवस बघितलं. नवव्या दिवशी म्हणाले, "क्या कालेजवाले, रोज दर्शन को आते क्या? अंग्रेजी आती?"

परभणीत आल्यापासून मला विचारलेल्या प्रश्नांपैकी हा पहिलाच, ज्याचं उत्तर हो देता येण्यासारखं होतं. "येते," मी म्हणालो. निम्मी यायची.

त्यांनी कपाटातून एक जाडजूड पुस्तक काढलं. गाडीबरोबर कारखान्यातून आलेलं. मिस्त्रींना उर्दू वाचता येई, इंग्रजी नाही. त्या दिवसापासून आमची एक पद्धत पडली. मी इंग्रजी वाचायचो, मनातल्या मनात मराठी करायचो, तोंडानं मोडकी हिंदी बोलायचो, ते दख्खनीत समजून घ्यायचे आणि खडूनं पत्र्याच्या दारावर उर्दूत लिहायचे. अमेरिकेतल्या कुणा इंजिनीअरनं लिहिलेलं वाक्य जिंतूर रोडच्या दारावर पोचेपर्यंत त्याचं जे काही व्हायचं, ते त्या इंजिनीअरनं पाहिलं नाही हे त्याचं नशीब.

गाडी सोनपेठकडच्या एका मोठ्या बागायतदारांची. सगळे त्यांना मालकच म्हणत. त्यांच्या वडिलांनी ती हैदराबादला कुणा नवाबाच्या वारसांकडून घेतली, चार वर्षं मिरवली आणि मग गोठ्यात उभी केली. पंधरा वर्षं तिच्यात कोंबड्यांनी अंडी घातली. आता मालकांना ती पुन्हा रस्त्यावर आणायची होती, आणि नुसती आणायची नव्हती. "चालाय तर बैलबी चालतो," ते म्हणाले होते, "ही पळाय पायजे."

मालकांना एक मेव्हणे होते, पालमचे. त्यांच्याकडं उलटलेल्या एका टेम्पोचं डिझेल इंजिन पडून होतं, आणि पडून असलेली वस्तू माणसाला स्वस्थ बसू देत नाही. ते मालकांच्या कानाशी लागलेले असायचे. शेवटी मालकांनी मिस्त्रींना सांगून टाकलं, "दसऱ्याला गाडी सोनपेठात पायजे. तवर चालू झालं तर हेच इंजिन. न्हाई तर हे काढायचं, पावन्याचं डिझेल बसवायचं आन् हे भंगारात द्यायचं. तुमीच बसवायचं, मिस्त्री."

"डिझेल मैं नै बिठाता, मालक," मिस्त्री म्हणाले. "उसके वास्ते कोई और देखना."

"दुसरा बघू की मंग," मेव्हणे म्हणाले. "गाडीबी त्याच्याकडंच नेऊ."

मिस्त्रींनी त्या इंजिनावर अकरा महिने घातले होते. आठही पिस्टन आणि त्यांचे दांडे त्यांनी सराफाकडं नेऊन काट्यावर तोलले होते; जो जड भरला तो कानशीनं घासून बाकीच्या सातांच्या वजनाला आणला. सराफानं विचारलं म्हणे, "मिस्त्री, लोखंडात काय भेसळ बघायलात?" हवा जायचे मार्ग त्यांनी दोरीला पॉलिश कागद गुंडाळून आतून इतके घासले होते, की बोट फिरवलं तर सरकून जायचं. वॉल, म्हणजे इंजिनाच्या झडपा, बसवले की त्यांच्यावर रॉकेल ओतून ठेवायचे. दुसऱ्या दिवशी थेंबभर जरी खाली झिरपलेलं दिसलं तरी तो वॉल पुन्हा काढून पुन्हा घासायचा. सोळा वॉल. एकाला तर सहा वेळा. मला वाटायचं, आमच्या कॉलेजात परीक्षकांनी अशी एखादी पद्धत काढली असती तर आमच्यातले किती जण रॉकेल धरून ठेवू शकले असते.

आणि हे सगळं झाल्यावर, शेवटच्या पायरीवर, मी कामाला आलो.

प्रत्येक सिलिंडरला ठिणगी पाडायला एक वायर लागते. आठ सिलिंडरांना आठ वायरी, आणि ठिणग्या ठरलेल्या क्रमानंच पडाव्या लागतात. एक, मग आठ, मग चार, असा काहीसा वेडावाकडा क्रम. गाडीच्या जुन्या वायरी उंदरांनी खाल्ल्या होत्या, त्यामुळं कोणती कुठं होती याचा पुरावा उंदरांच्या पोटात. मिस्त्रींनी हैदराबादला सरळ रांगेतली सहा सिलिंडरची इंजिनं हाताळली होती. हे दोन बाजूंचं आठ त्यांच्या हाताला नवं. एक नंबर कुठला, हे पुस्तकालाच विचारायचं होतं.

पुस्तकानं स्पष्ट सांगितलं होतं, मीही स्पष्ट सांगितलं: "ड्रायव्हरच्या बाजूला पुढून एक, तीन, पाच, सात. दुसऱ्या बाजूला दोन, चार, सहा, आठ."

मिस्त्रींनी गाडीकडं बघितलं. स्टीअरिंग उजवीकडं. त्यांनी इंजिनाच्या उजव्या बाजूवर खडूनं एक, तीन, पाच, सात घातले. मग पहिल्या सिलिंडरच्या भोकावर अंगठा ठेवून इंजिन हळूहळू फिरवलं. हवा दाबली गेली की अंगठ्याला कळतं, आणि एक नंबर खरा असेल तर त्याच क्षणी पुलीवरची खूण जुळते. ते थांबले, वाकून पुढच्या पुलीवरची खूण बघितली आणि कपाळाला आठी पडली.

"निशान नै मिल रहा जी."

खूण जुळत नाही म्हणजे कुठंतरी चुकतंय, एवढं कळायला इंजिनीअरिंगची गरज नव्हती. पण मी इंजिनीअरिंग शिकत होतो. म्हणालो, "चाचा, पुली बदलली असंल मधी कुणीतरी."

"किताब में क्या लिखा?"

"एक नंबर ड्रायव्हरकडंच लिहिलंय."

त्यांनी अंगठ्याकडं बघितलं, पुस्तकाकडं बघितलं. "फिर ठीक," म्हणाले. चाळीस वर्षांच्या अंगठ्यानं एका इंग्रजी ओळीपुढं माघार घेतली. एवढं वय आणि एवढं काम असलेल्या माणसानं माझं ऐकल्याची ती आयुष्यातली पहिलीच वेळ. मला भीती वाटायला हवी होती. मला बरं वाटलं.

इंजिन गाडीत बसवून सेल्फ मारला तेव्हा दसऱ्याला सहा दिवस होते. इंजिन खोकलं, थरथरलं, दोन-तीन सिलिंडरांनी धरल्यासारखं केलं आणि बाकीच्यांनी कार्बोरेटरमधून हातभर जाळ काढला. मिस्त्रींची डावी भुवई गेली. दुसऱ्या वेळी असा धडाका झाला, की रस्त्यावरचा एक बैल गाडीसकट वळून परत गावाकडं निघाला.

मग शोध सुरू झाला. कार्बोरेटर दोनदा उघडला. कॉइल बदलली. प्लग काढले, घासले, घातले. पेट्रोलमध्ये पाणी आहे का बघितलं. पाच दिवस इंजिनातली एकेक वस्तू संशयित म्हणून उभी केली आणि निर्दोष सोडली. फक्त वायरींकडं कुणी वळलं नाही. त्या पुस्तकातून आल्या होत्या.

मेव्हणे रोज येऊन बसायचे. "आठ डोचकी हायेत," ते इंजिनाकडं बोट करून म्हणायचे, "एकातबी अक्कल न्हाई." मग माझ्याकडं बघून, "बरं का इंजिनेर, ह्यात नववं धरलेलं न्हाई." आणि मालकांना, मिस्त्रींना ऐकू जाईल असं: "म्हाताऱ्याचा हात गेला, दाजी. मान्य करावं मानसानं."

मिस्त्री ऐकायचे आणि बिडी ओढायचे. मला एकदाच म्हणाले, "सच में गया क्या जी हात?" मी म्हणालो, "न्हाई चाचा." त्याच्या पलीकडं मला काही सुचलं नाही. कॉलेजात सुचतं ते लिहायला तीन तास देतात.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी सकाळी मी एस.टी. स्टँडवर गेलो. झरीला चाललो होतो. दसऱ्याला वस्तीत धम्मदीक्षेचा कार्यक्रम असतो, वडिलांनी निरोप पाठवला होता, असं कारण मी स्वतःला सांगितलं. खरं कारण, त्या दिवशी इंजिन उतरवणार होते आणि ते मला बघायचं नव्हतं. साध्या शब्दांत, पळून चाललो होतो. पिशवीत पुस्तक होतं. पळून जाणाऱ्यानं पुरावा सोबत नेऊ नये, पण अभ्यासू मुलगा पुस्तक टाकून कसा जाणार.

ड्रायव्हरच्या मागच्या बाकावर जागा मिळाली. बस हलली, मी पुस्तक उघडलं. पहिल्याच पानावर रंगीत चित्र होतं. हिरवंगार गवत, पांढरं घर, पायरीवर टोपीवाली बाई, आणि कामाला निघालेला तिचा नवरा मोटारीच्या खिडकीतून हात काढून तिला निरोप देतोय. हे चित्र मी आठ महिन्यांत शंभरदा पाहिलं होतं. खरं म्हणजे बाई पाहिली होती. त्या दिवशी पुढं एक बैलगाडी आडवी आली आणि आमच्या ड्रायव्हरनं खिडकीतून हात काढून तिला बाजूला व्हायला खुणावलं. उजवा हात. मी पुन्हा चित्राकडं बघितलं. त्या नवऱ्याचा हात डावा होता.

तो डावीकडं बसला होता. अमेरिकेत ड्रायव्हर डावीकडं बसतो. गाडी आपल्याकडं पाठवताना त्यांनी स्टीअरिंग उजवीकडं केलं. इंजिन आणि पुस्तक जसं होतं तसंच. पुस्तकातला ड्रायव्हर अजून अमेरिकेतच बसला होता आणि आम्ही आठही वायरी आमच्या ड्रायव्हरला विचारून लावल्या होत्या.

"थांबवा!" मी ओरडलो.

"झरीचं तिकीट हाय ना?" कंडक्टर म्हणाला. "आत्ता कुठं गाव सुटायलंय."

"उतरायचंय. चुकलं."

"काय चुकलं? बस?"

"बाजू चुकली."

कंडक्टरनं मला नीट बघून घेतलं आणि घंटी दिली. अशा माणसाला उतरवलेलंच बरं, असं त्याचं तोंड सांगत होतं.

गॅरेजपर्यंत मी पळत गेलो आणि दारात थांबलो. गाडीवर इंजिन उचलायची साखळीची कप्पी टांगलेली होती. बाहेर टेम्पोत डिझेल इंजिन येऊन पडलेलं, त्याला मेव्हण्यांनी चक्क हार घातलेला. मिस्त्री एका बाजूला पाटावर बसलेले, हात मोकळे. मेव्हण्यांनी दोन माणसं आणली होती, ती इंजिनाचे बोल्ट ढिले करायला निघाली होती.

मला दोन गोष्टी करता येण्यासारख्या होत्या. काही न बोलणं ही एक. मग सगळे म्हणणार, इंजिन खराब होतं आणि म्हाताऱ्याचा हात गेला. माझं नाव कुठंच येणार नाही. दुसरी, बोलणं. बोललो तर काय ऐकावं लागणार हे मला तोंडपाठ होतं. शिष्यवृत्तीच्या रांगेत, मेसमध्ये, वर्गाच्या मागच्या बाकावरून, ते आम्हाला उलटसुलट ऐकवून झालेलं होतं. माझी एकट्याची चूक ही माझी एकट्याची राहणार नव्हती. तेवढी चैन आम्हाला नव्हती. मी चुकलो म्हणजे आम्ही सगळेच चुकलो. पोराला शिकवायला निघालेले वडीलही त्यात आले.

"मालक," मी म्हणालो. आवाज मेसच्या वरणासारखा निघाला. "एक सांगायचंय. इंजिन चांगलं आहे. मिस्त्रींचंही काही चुकलेलं नाही. चूक माझी आहे."

मालकांनी त्या माणसांना हातानं थांबवलं. "काय चूक?"

मी चित्र दाखवलं. ड्रायव्हर डावीकडं, म्हणून एक नंबर डावीकडं. आमचे सगळे नंबर उलट्या बाजूला पडले. मिस्त्रींना खूण जुळत नाही हे पहिल्याच दिवशी कळलं होतं, मीच पुस्तकाचा दाखला देऊन त्यांना गप्प केलं. हेही सांगितलं. ते सांगणं सगळ्यात अवघड गेलं.

मेव्हण्यांना इतका आनंद झाला, की क्षणभर ते डिझेल इंजिनसुद्धा विसरले. "डावं-उजवं कळंना!" मांडीवर थाप मारून ते म्हणाले. "आन् सरकार ह्यांला फुकट शिकवायलंय! आदी म्हणं विद्यापीठाचं नाव बदला, आता सिलिंडराचे नंबर बदला. काय काय बदलायचं एकदाच सांगा की राव, लिहून घेतो."

तेव्हा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव होऊन सहा-सात वर्षं झाली होती आणि पाटीवर जुनंच नाव होतं, त्यामुळं बदलण्याच्या बाबतीत मेव्हण्यांनी एवढं घाबरायचं काही कारण नव्हतं. पण हे मला नंतर सुचलं. तेव्हा मी पुस्तक मिटलं.

मिस्त्री पाटावरून उठले. माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. पुलीपाशी वाकले, डाव्या बाजूच्या पहिल्या भोकावर अंगठा ठेवला आणि म्हणाले, "घुमाओ." मी पान्यानं इंजिन फिरवलं. हवा अंगठ्याला लागली तशी त्यांनी मान वाकवून खूण बघितली. आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा एक घाणेरडी शिवी दिली. पुलीला, पुस्तकाला की मला, ते सांगितलं नाही.

"मिला?" मालकांनी विचारलं.

"आधा घंटा देव, मालक."

"पंधरा मिंटं," मेव्हणे म्हणाले. "टेम्पो भाड्याचा हाय."

"अर्धा तास घ्या," मालक म्हणाले.

आठ वायरी लावायला वीस मिनिटं लागली. या वेळी मी क्रम वाचत होतो आणि मिस्त्री प्रत्येक वायरीला अंगठ्याची साक्ष काढत होते. पुस्तकावरचा त्यांचा विश्वास उडाला होता आणि माझ्यावरचा आणखी लवकर. त्यांनी सेल्फ मारला. इंजिन अर्धा फेरा फिरलं असेल नसेल, लागलं.

मला वाटलं होतं मोठा आवाज होईल. उलट गॅरेजमधले बाकीचेच आवाज बंद झाल्यासारखे वाटले. आठ सिलिंडर एकमेकांच्या पाठोपाठ इतके जवळ येत होते, की मधे फट राहत नव्हती. जड सतरंजी ओढत न्यावी तसा एकसंध आवाज. मिस्त्रींनी इंजिनाच्या झाकणावर पाण्यानं भरलेला चहाचा कप ठेवला. पाणी थरथरलं, सांडलं नाही. त्यांच्या उरलेल्या भुवईखाली डोळ्याला पाणी होतं, पण धूर फार झाला होता आणि त्यांनीही तेच कारण सांगितलं.

मेव्हणे वाकून बघत म्हणाले, "एव्हरेज काय देती?"

"लिटर में तीन किलोमीटर," मिस्त्री म्हणाले. "चढाव पे दो."

"दाजी, ऐकलं का? गावाच्या वेशीपसून घरापतूर यायला लिटरभर जायचं!"

मालकांनी गाडीभोवती एक फेरी मारली. चालू होणं आणि चालणं यात फरक आहे, हे त्यांनाही माहीत होतं. म्हणाले, "झरीपतूर जाऊन बघू. वीसेक किलोमीटर होतंय. ह्या उन्हात काटा लालवर गेला, इंजिन तापलं, तर परत आल्यावर डिझेल. न्हाई तापलं तर हेच."

गाडी मालकांनी स्वतः घेतली. मिस्त्रींना इंजिन ऐकायचं होतं, काटा बघायचा होता, ते पुढं त्यांच्या शेजारी बसले. मेव्हणे आपल्या हारवाल्या इंजिनाची राखण करायला थांबले. "कालेजवाला संग चलेगा," मिस्त्री म्हणाले, "चढाव पे तेल का प्रेशर कित्ता होना, किताब में देखना पडेगा." म्हणजे मला सोबत घ्यायचं ठरलं. आता पुढं जागा नव्हती.

असं झालं, की सोनपेठचे बागायतदार पुढं बसून गाडी चालवत होते आणि नवाबाच्या मागच्या आसनावर, मांडीवर जाड इंग्रजी पुस्तक ठेवून, मी एकटा बसलो होतो. ही मांडणी कुणी ठरवून केली नव्हती. ठरवून केली असती तर झाली नसती. जिंतूर रोडच्या चौकात पोलिसानं मला सलाम ठोकला. मालकांनी आरशातून मागं बघितलं. मी पुस्तकात बघितलं.

गाव मागं पडलं तसं मालकांनी पाय दाबला. गाडी ओढली जात नव्हती, मागून कुणी लोटत असल्यासारखी जात होती. ज्वारीचे पट्टे, बाभळी, एक ट्रक, सगळं मागं. मिस्त्री एक कान पुढं करून डोळे मिटून बसलेले, मधेच एक डोळा उघडून काटा बघायचे. "कितीवर हाय?" "बीच में." पुन्हा पाच मिनिटांनी, "आता?" "बीच मेंच है मालक, वो नै हिलता."

झरीत शिरताना आमच्या वस्तीपाशी रस्ता अडवलेला होता. उद्याच्या कार्यक्रमाची कमान उभी करत होते. लांब बांबू रस्त्यावर आडवे, निळी पताका, चुन्याची बादली. मालकांनी ब्रेक मारला. लोकांनी एवढी गाडी बघितली, मागं बसलेलं कुणीतरी बघितलं, आणि पळापळ झाली. एकानं मालकांच्या खिडकीवर थाप मारली, "डायव्हर, जरा हितंच थांबवा! बांबू सारायलोत. सायबांना म्हणावं दोनच मिंटं."

मालकांच्या पांढऱ्या टोपीखालची मान ताठ झाली. पण इंजिन त्यांनी चालूच ठेवलं. त्यांचं सगळं लक्ष काट्यावर होतं. भर उन्हात, उभ्या गाडीत, वाऱ्याशिवाय चालू असलेलं इंजिन हीच खरी परीक्षा. पळत्या गाडीला वाराच गार करत असतो. मिस्त्रींनी दोन्ही हात गुडघ्यांवर घट्ट धरले होते.

तेवढ्यात माझ्या खिडकीपाशी एक माणूस आला. हाताला चुना, डोक्याला टॉवेल. उन्हानं काचेतून त्याला आतलं दिसत नव्हतं. त्यानं दोन्ही हात जोडले, "जय भीम साहेब." मग वाकून, हळू आवाजात, "झालं का जी नामांतर? तेच सांगायला आलात का?"

मी काच खाली केली. "बाबा, मी हाय."

वडिलांनी माझ्याकडं बघितलं. गाडीकडं बघितलं. पुढं बसलेल्या पांढऱ्या टोपीकडं बघितलं. पुन्हा माझ्याकडं.

"तू?" मग, एवढं होऊनही, "पर झालं का?"

"न्हाई बाबा. ह्या गाडीचं इंजिन चालू झालंय फक्त."

"मंग येवढ्या मोठ्या गाडीत कशाला आलास?" वडील म्हणाले. "येष्टीनं आला असतास तर सकाळीच हाताखाली आला असतास."

बांबू बाजूला झाले होते. तरी मालकांनी गाडी हलवली नाही; आणखी पाच मिनिटं तशीच उभी ठेवली, चालू. काटा मध्यावर होता तो मध्यावरच राहिला. शेवटी ते म्हणाले, "ऱ्हाऊ द्या, मिस्त्री. पावन्याला सांगतो मी टेम्पो परत न्यायला." मिस्त्री नुसते "हौ" म्हणाले आणि गुडघ्यावरचे हात सोडले.

माझं गाव तेच होतं, म्हणून मी तिथंच उतरलो. मिस्त्रींनी खिडकीतून हात काढून पुस्तक मागितलं, मी दिलं. गाडी वळून परभणीकडं गेली, आवाज बराच वेळ ऐकू येत राहिला. वडिलांनी बांबूचं एक टोक उचललं, दुसऱ्या टोकाकडं मानेनं खूण केली, आणि मी डावा हात घातला तसे म्हणाले, "धर. आन् डाव्या हातानं न्हाई, उजव्यानं."